चुंबक

फुटक्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक
पायमोज्यात गुंडाळून मी खिशात ठेवलं होतं.
"इंजिन काय, कधीही खोलता येतं," इद्रिसचाचा म्हणाले,
"पत्रा बघ. खोटं बोलतो तो पत्रा."
वडाळा नाक्यावरच्या त्यांच्या शेडमध्ये
मला अजून पान्यांचे नंबर पाठ नव्हते.
दहा-अकरा मागितला की बारा-तेरा द्यायचे.

पिंपळगावच्या पॅकहाउसमधले दोन हंगाम,
कात्रीने द्राक्षांचे देठ छाटत बसलेले,
आणि आईने कशाला ते न विचारता दिलेले सहा हजार.
एवढ्यात बसेल ती गाडी.

पहिली आडगावला, गोठ्याच्या मागे.
कॉन्टेसा. काळी, रुंद,
उभी असूनही निघाल्यासारखी.
मालक किंमत सांगेपर्यंत
मी तिला गंगापूर धरणापर्यंत नेऊन आणलं होतं,
काचा खाली करून, कोपर बाहेर.
दारावर चुंबक ठेवलं. घसरलं.
पंख्यावर ठेवलं. घसरलं.
तिसऱ्यांदा वाळल्या गवतात पडलं
आणि शोधायला मला गुडघ्यांवर बसावं लागलं.
चाचांनी बोट वाकवून ठोकून पाहिलं.
"लांबी आहे नुसती. भिंत आहे ही, रंगवलेली."
परतताना रिक्षात मी काही बोलले नाही.

दुसरी सातपूरला, जीप.
म्हणजे सांगाडा, आणि बाजूला चार पोती.
"सगळं आहे बघा यात," माणूस म्हणाला,
आणि खरंच सगळं असावं.
चाचांनी एका पोत्यात हात घातला, काढला, पुसला.
"पोत्यातली गाडी पहिल्यांदाच घेऊ नये, पोरी.
आधी नट जिथे असतो
तिथे बघायची सवय लागू दे."

शरणपूरला आम्ही खरं तर
दुसऱ्याच कुणाकडे चाललो होतो.
बदामाच्या झाडाखाली पद्मिनी,
फाटलेल्या दुधावर उरते त्या रंगाची.
तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नसतं,
मीही नाही.
चुंबक दाराला चिकटलं. छताला चिकटलं.
बॉनेटवरून ओढून काढावं लागलं.
फक्त डिकीच्या तळाला सरळ भोक,
त्यातून खालची माती आणि एक मुंगळा दिसत होता.
"दिसतंय ना भोक?" चाचा खूश झाले.
"झाकलेलं नाही. हीच घ्यायची."

शमुवेल भिंगारदिवे, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त,
त्यांनी आरसीबुक आणलं, एक वही आणली,
वहीत प्रत्येक लिटर, तारखेसह,
आणि मग एका पावसाळ्यानंतर कोरी पानं.
"चालवणार की सजवणार?"
"आधी सुरू तर होऊ दे," मी म्हणाले.
त्यांना ते आवडलं की नाही, कळलं नाही.
पैसे त्यांनी दोनदा मोजले, सवयीने,
नोटा उजेडात धरून.

ड्रायव्हरच्या सीटवरची फुलाफुलांची उशी
त्यांनी काढून काखेत घेतली. मिसेसची.
फाटकापर्यंत गेले, परत आले.
माझ्या उंचीकडे पाहिलं,
उशी जागेवर ठेवली.
"हिच्याशिवाय पुढचं दिसत नाही," म्हणाले.

चाचांच्या पिकअपमागे दोर बांधून निघालो.
स्टीअरिंगला मी अशी लटकलेली
की जणू तीच मला ओढतेय.
ब्रेक तीनदा मारला की एकदा लागायचा.
त्र्यंबक नाक्यावर मागून बसने भोंगा वाजवला,
मी माझा दाबला, तर
वायपर एकदा हलला आणि मध्येच थांबला.
चौकातले सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

शेडमध्ये चाचांनी पाना मागितला नाही, दिला.
"बॅटरीचा नट. आज एवढंच."
मी जोर लावला. हलेना.
पाय रोवून लावला, पाना सटकला,
दोन बोटांचं कातडं गेलं.
चाचा चहा पीत माझ्याकडे बघत होते.
"उलटा फिरव," ते म्हणाले.
"घट्ट करतेयस."