झोऱ्या

बरणीवरच्या चिठ्ठीत एवढंच उरलंय:
झोऱ्या. चोरल नदी, रपट्याच्या वर.
पाणी: खळाळतं.
तारीख ओल खाऊन गेली.

अक्षर ताटकेबाईंचं.
ळ काढताना त्या टाक उचलत नसत.

आत बोटभर मासा,
फॉर्मॅलिनमध्ये पिवळा पडलेला, जुन्या लखोट्यासारखा.
निळे पट्टे पहिल्याच आठवड्यात गेले होते.
"रंग नदीने ठेवून घेतला," बाई म्हणाल्या
आणि वहीत 'पट्टे: आठ' असं आठवणीने लिहिलं.

कॉलेजने कपाट मोडीत काढलं.
बरण्या माझ्याकडे आल्या, कारण
किल्ली माझ्याकडे होती. सव्वीस वर्षं.

सरवट्यावरून खंडव्याची बस,
सिमरोलनंतर घाट, कानात दडे.
साडी खोचून बाई मांडीभर पाण्यात,
मी काठावर, बादली आणि स्टॉपवॉच घेऊन.
थावऱ्याने गमछ्यात पकडला तो.
त्याला कळेना: खायचा नाही, विकायचा नाही,
मग धरायचा कशाला?
बाईंना उत्तर सुचलं नाही.
त्याला दोन रुपये दिले.

पण त्याआधी तासभर
आम्ही तिघं नुसते बघत होतो.
धारेकडे तोंड करून तो एका दगडाशी
जागच्या जागी.
पाणी एवढं धावतंय, आणि हा हलत नाही.
"हलत नाही कसा?" बाई पुटपुटल्या,
"सगळा वेळ पोहतोय.
एक फटका चुकला तर थेट नर्मदेत."
मिनिटाला किती फटके, ते मोजायचं होतं.
तीनदा घड्याळ लावलं. तीनदा चुकलो.
वहीत ती जागा कोरी आहे.

काल नातवाने चिठ्ठी वाचली, अक्षर अक्षर लावत:
"पानी: खलालतं."
कशी कोण जाणे, नदी एकदम सपाट झाली.
मी टोकलं नाही.
"नाना, ये मर गई है क्या?"
हो, म्हटलं. फार वर्षं झाली.

आज एकटाच आलोय.
रपट्याचा पूल झाला. खाली कुरकुऱ्यांची पाकिटं,
कुणाच्या तरी पिकनिकची विझलेली चूल.
वर चढत गेलो, गुडघे कुरकुरत,
जिथे दोन खडकांमध्ये पाणी अरुंद होतं
आणि आवाज करतं, तिथपर्यंत.

आधी सावल्या दिसल्या, तळाच्या वाळूवर.
पाच. सहा असतील.
सावल्यांच्या वर काहीच नाही, नुसतं पाणी.
मग ऊन सरकलं
आणि निळे पट्टे.

स्टॉपवॉच केव्हाच बंद पडलंय.
मनगटावरचं घड्याळ धरून मोजायला लागलो,
चाळीसच्या पुढे कुठेतरी हरवलो.

शेवटची बस साडेसहाची.
पुन्हा एकपासून.