कल्ल्यांपाशी

स्टॉकपोर्टला रेल्वेचा पूल आहे, विटांचा.
त्याच्या कमानींपासून उताराने खाली आलं
की मोबाइलदुरुस्ती आणि चिप्सचं दुकान यांच्या मधे
रेबवारचं सलून.
देवळात गेलो नाही वर्षभर.
इथे मात्र दर तिसऱ्या शनिवारी डोकं टेकवतो.

आधी मी भांग पाडायचो.
डावीकडून उजवीकडे, मग आणखी खालून उजवीकडे,
कानावरून उचलून आणलेली चार-सहा बटं
गरिबाघरच्या पांघरुणासारखी:
इकडे ओढली की तिकडे उघडं.
नोव्हेंबरातल्या एका वाऱ्याने बसस्टॉपवर
ते सगळं एका बाजूला उलटून टाकलं.
शाळकरी पोरी हसल्या. एकीने तर सॉरी म्हटलं,
ते जास्त लागलं.

रेबवारने डोकं वळवून वळवून पाहिलं,
कलिंगड घेताना पाहतात तसं.
"वर तीन नंबर, बाजूला दीड.
आणि दाढी ठेव.
वरून जे जातंय ते खालून वसूल करू."

दाढी ठेवायची म्हणजे सोडून द्यायची,
असं मी धरून चाललो होतो.
आमच्याकडे ती वाढायची सुतकात, आजारपणात
किंवा परीक्षेच्या आधी.
ठेवलेली दाढी वेगळी.
कंठमण्याच्या वर दोन बोटं, तिथे तिची वेस.
रात्री बदामाचं तेल, थेंब तीन.
चौथा पडला की सकाळी मृदुला
न बोलता उशीचा अभ्रा समोर धरते.

त्या पहिल्या दिवशी तो कल्ल्यांपाशी थांबला.
"केस कुठे संपवू? दाढी कुठून धरू?
रेघ मारू का?"
रेघ नको, म्हटलं. मी निपाणीचा आहे.
अर्थात त्याला कळलं नाही.
सांगावं लागलं: घरात मराठी, पाट्यांवर कन्नड,
बारशाला कागलला गेलं की राज्य बदलतं,
आणि हे केस तू पाच मिनिटांत कापशील,
ती केस मात्र वर्षानुवर्षं कोर्टात आहे.
त्याने मशीन बंद केलं.
त्याचं गाव पेंजवेनच्या बाजूला, डोंगरात.
आत्या डोंगरापलीकडे, म्हणजे परदेशात.
आजोबा खेचरावरून जायचे तिच्याकडे, अक्रोड घेऊन.
"रेघ नको," तोही म्हणाला,
आणि तीनातून दीड, दीडातून अर्धा,
अर्ध्यातून नुसती कातडी, कातडीतून पुन्हा दाढी.
कुठे काय संपलं
ते माझ्या बोटांनाही सांगता येईना.

चार वर्षं हे नीट चाललं.
मग फेब्रुवारीत मी शहाणपणा केला.
सोमवारी मुलाखत, रविवारी रात्री घरीच मशीन धरलं
आणि पुढचा कंगवा चढवायला विसरलो.
एकच फटका.
डाव्या गालावर नांगरल्यासारखा पट्टा.
"बाबा, तुला पायवाट आली," शाल्मली म्हणाली.

सकाळी आठला रेबवारचं शटर अर्धं वर होतं.
मी वाकून आत.
तो कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.
मग एवढंच: "उजवीकडचीही जायला हवी. मग हनुवटीची."
सगळी गेली.

खालून हनुवटी निघाली, ठेवली होती तशी,
जरा फिकट,
आणि तिच्यावर ती खूण:
सातवीत, तंबाखूच्या वखारीच्या पायरीवर
सायकलसकट आपटलो होतो, तिची.
मी विसरलोच होतो.
शाल्मलीला तर ती नवीनच.
बोट फिरवत विचारत होती, ही रेघ कोणी मारली?

नोकरी मिळाली.
दाढीही परत आली, या वेळी मीठ जास्त, मिरी कमी.
पण ओळखपत्रावर त्या सोमवारचाच चेहरा आहे,
आणि फाटकावरचा ग्रॅहम रोज सकाळी
एकदा फोटो बघतो, एकदा मला,
आणि दोघांपैकी कोणाला आत सोडावं
म्हणून क्षणभर थांबतो.