पंखा नसलेला

उद्यमनगर सोमवारी बंद.
बुधल्यांचा लेथ गप्प, पलीकडची भट्टी गार,
म्हणून ही चाचणी मी सोमवारावर ठेवली.
एरवी या गल्लीत
शांतता आहे की नाही, हे तपासता येत नाही.

टेबलावर पॉवर सप्लाय.
पाठीवर काळी ॲल्युमिनियमची पाती,
उसाच्या रानात सरी-वरंबे सोडावेत तशी.
लोड म्हणून गॅरेजातून उसने आणलेले हेडलाइटचे दिवे,
तोंडं भिंतीकडे केलेली,
नाहीतर त्यांची धग याच्या नावावर जायची.

दोन दिवे. काही नाही.
चार. बारा पूर्णांक शून्य चार.
सहा. अकरा पंच्याण्णव. चालतंय की.
पात्यांवर बोट ठेवलं, पाच मोजेपर्यंत टिकलं.
अर्ध्या तासानं दोनच.

स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली, टोक डब्याला.
आत कुठंतरी एक डास.
हातभर मागं सरकले, डास गेला.
वहीत लिहिलं: आवाज, आहे. खोडलं.
लिहिलं: आवाज, जवळ गेलं तर.

बाबा पंख्यासमोर दोरा धरायचे.
हलला, म्हणजे मशीन जितं.
सवयीनं मीही धरला,
समोर, बाजूला, मागं.
सरळ लोंबत राहिला.
मग नुसताच पात्यांच्या माथ्यावर नेला
आणि तो थरथरला.
कुणी ढकलत नसताना
हवा आपली आपण वर निघाली होती.

डबा पालथा घातला. दोरा पडून राहिला.
अडुसष्टावरचा आकडा चौऱ्याऐंशीवर.
घाईनं सुलटा केला, चटका बसलाच.

संध्याकाळी जिनेंद्र मगदूम आला.
रात्री गुळाच्या अडत्यांचे हिशेब करतो,
खोली एकच, त्यात चार महिन्यांची पोरगी.
जुन्या पंख्याच्या खरखरीनं दचकून उठते म्हणाला.
‘ताई, आवाज?’
‘पाळण्यापासून हातभर लांब ठेव.
पाती वर. माथ्यावर वही नको, दुपटं तर नकोच.’
‘किंमत जरा...’
‘जरा नाही. बरीच.’

तो थोडा वेळ उभा राहिला.
‘पण चालू हाय हे कळायचं कसं?’
आणि मी सांगायच्या आत
त्यानं उलटा हात पात्यांवर नेला,
टेकवला न टेकवला,
ताप बघतात तसा.

‘दोन हप्त्यात देतो,’ म्हणाला.
दोरा मी वरून दिला. त्याचे घेतले नाहीत.