डावी बाजू

शेठने आणून दिला एकच फोटो, पोस्टकार्डाएवढा:
दाढीवाला गडी, कमरेला केसाळ कातडं,
मागे धूर. धुरात काय ते दिसत नव्हतं.
"इटलीचा माल आहे," शेठ म्हणाला,
"घोडे परवडले नसावेत, सगळे चालतच असतात."
हिंदीत नाव त्यानेच ठेवलं.
त्यात खून होता, तलवार होती,
तिसरा शब्द चाळीस फुटांत मावला नाही.

पिला हाऊसमागच्या गोदामात
बाबांनी धाकूमामाला उभं केलं.
भाऊच्या धक्क्यावर बर्फ वाहून आलेला,
खांदे अजून ओले.
कातड्याच्या जागी आमचं पायपुसणं,
तलवारीच्या जागी टी-स्क्वेअर,
आणि मी, नऊ वर्षांची,
दोनशेचा बल्ब धरून स्टुलावर.
"हलू नको. रानटी आहेस तू."
"रानटी हलत नाहीत होय?"

बुधवारी शेठ परत आला. "ड्रॅगन टाका."
"आहे सिनेमात?"
"पोस्टरवर पाहिजे."
ड्रॅगन आमच्यात कुणी पाहिलाय?
बाबा पहाटे मासळीबाजारात गेले,
बोंबलाचा जबडा आणला, चिंबोरीचे डेंगे,
पोटाला पापलेटची चकाकी.
तीन डोकी ठरली होती.
तिसऱ्यापाशी लाल संपला,
उधारी आधीच बरीच झालेली,
तिथे त्यांनी धूर सोडला.

चेटकिणीचा तर फोटोच नव्हता, ती मनाने काढली.
शुक्रवारी आई बाजारातून येताना
बॅनरखाली थांबली, पिशवी खाली ठेवली.
वर तिचेच डोळे,
घागरीएवढे, रागावलेले.
घरी येऊन एवढंच म्हणाली,
"निदान कुंकू तरी लावायचं होतं."

बाराचा शो आम्ही केबिनमधून पाहिला.
पाऊण तास दगडांतून चालणं,
मग मारामारी, मग परत तेच दगड, उलट्या बाजूने.
"ड्रॅगन किधर है बे?"
पहिली चप्पल पडद्यावर गेली.
मॅनेजर बाबांकडे असा बघायला लागला
जसं अंडं त्यांनीच घालायचं होतं.

शेवटच्या रिळात एकदाचा आला.
रबराचा. मानेवर शिवण,
पोटात कुणीतरी वाकून चालत असलेलं कळत होतं.
थिएटर हसून आडवं झालं.
बाबा हसले नाहीत.
काचेला नाक लावून म्हणाले,
"उजवीच बाजू दाखवतोय बघ.
वळत नाही कुठे.
डावी झालीच नसणार.
पैसे संपले असतील, नाहीतर शुक्रवार आला असेल."
मग बऱ्याच वेळाने, प्रोजेक्टरच्या खडखडाटात,
मला नाही, कुणालाच नाही,
"डोळा मात्र जमलाय हां.
डोळ्याला वेळ दिलाय त्याने."

पुढच्या गुरुवारी बॅनर उतरलं,
कापडाला सफेदा लागला,
त्यावर कुणाची तरी वरात आली.
शेठने निम्मेच दिले. चपलांचे कापले म्हणाला.

परवा हा सिनेमा मोबाईलवर सापडला.
शेवटी नावांची रांग आली, भराभर, परकी.
थांबवून थांबवून वाचली.
तलवारी पुरवणारा होता, केस विंचरणारी होती,
रबरवाला कोण ते कळलं नाही.
मग मागे नेलं, त्या डोळ्यापर्यंत,
आणि तसाच धरून बसले.

आई आली चष्मा पुसत. "काय बघतेस?"
मी चेटकीण दाखवली, खरी, इटलीची.
तिने मोबाईल लांब धरला, जवळ धरला.
"शी," म्हणाली,
"हिच्यापेक्षा मी बरी होते."