एवढ्यात

चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांत
नोकर म्हणायचा, 'प्रेझेंटली',
आणि मालकाचं वाक्य संपायच्या आत
विंगेत पोचलेला असायचा.
तेव्हा त्या शब्दाचा अर्थ होता लगेच,
या पावली, हातातलं टाकून.

मला हे उशिरा कळलं.
मी प्रॉम्प्टर. शालिमारजवळच्या नाट्यगृहात
डाव्या विंगेत, मोडक्या स्टुलावर,
मांडीवर कुलथे मास्तरांची दोनशे पानी वही.
भाषांतर त्यांचं. शाई जांभळी.
तिसऱ्या अंकात सरदाराच्या बरगडीत सुरी,
तो कोसळतो, ओरडतो, अरे वैद्य आणा!
नोकर वाकून म्हणतो:
आणतो सरकार, थोड्या वेळाने.

काय हसले लोक.
सातपूरची सेकंड शिफ्ट बुडवून आलेली पोरं
खुर्च्यांचे हात बडवत होती.
सरदार त्या हसण्यातच मेला,
त्याला वेगळं मरायला जागाच उरली नाही.

नोकर झाला होता त्र्यंबक तांबट.
दिवसभर हंडे ठोकून कान अर्धे गेलेले,
माझं प्रॉम्प्टिंग त्याला कधीच ऐकू आलं नाही.
माझ्या ओठांकडे बघायचा,
नाहीतर सगळं पाठ करून यायचा,
चूकसुद्धा.

प्रयोगानंतर मी मास्तरांना म्हटलं,
अहो, कोश आजचा बघितलात.
मास्तरांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.
मग मला विचारलं, पण बदलला कोणी?
कोणीच नाही, मास्तर.
माणसं लगेच म्हणत राहिली
आणि रेंगाळत राहिली.
शब्द बिचारा दारात उभा राहून
त्यांच्या उशिराएवढा लांबला.

त्यांनी वहीत खाडाखोड केली नाही.
म्हणाले, एवढे लोक हसले, राहू दे.

रात्री गंगेच्या पुलावरून चालत येताना
मी आपल्याकडचे मोजत होते.
एवढ्यात गेले, आत्ता दिसले असते.
एवढ्यात येतील, बसा.
एवढ्यात निघालात? चहा तरी घ्या.
एकच शब्द,
मागे, पुढे, आणि पदर धरून मध्ये.
इंग्रजांना तीन शतकं लागली,
आपण तर एका ओसरीवर उरकतो.

त्र्यंबककडे माझी घागर होती,
तळाला चिरलेली, आईच्या माहेरची.
एवढ्यात देतो, बाई.
गणपती गेले, दिवाळी गेली,
द्राक्षांच्या गाड्या निघाल्या पिंपळगावहून.
मी विचारायचे, तो ठोके द्यायचा
दुसऱ्याच कोणाच्या तरी भांड्याला.

मग सिव्हिलमध्ये, रात्री अडीचला,
तो स्ट्रेचरवर, छातीवर स्वतःचाच हात दाबून.
मुलगा केसपेपरच्या रांगेत.
सिस्टर जाता जाता म्हणाली,
एवढ्यात येतील डॉक्टर.
त्याला ऐकू आलं नाही.
माझ्या ओठांकडे बघत राहिला,
काय म्हणाली?

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
तो माझ्या वाक्यासाठी थांबला होता.
आणि मला कळेना
कुठल्या शतकातलं द्यावं.
मी म्हटलं, लगेच.
ओठ नीट उघडून, दोनदा. लगेच.

त्याने डोळे बारीक केले.
हातातली सलाईनची नळी सांभाळत
तसाच पडल्या पडल्या वाकला, जमेल तेवढा,
आणि म्हणाला, सरकार, थोड्या वेळाने.

आम्ही हसलो. शेजारच्या खाटेवरची म्हातारी
आमच्यावर खेकसली.
डॉक्टर आले. किती वेळाने,
ते मी कोणालाच सांगितलेलं नाही.

घागर अजून तांबट आळीतच आहे.
परवा दारावरून गेले तर मुलगा हातोडी थांबवून उठला,
बापाच्या फोटोखाली उभा राहून म्हणाला,
आलंच लक्षात, बाई.
एवढ्यात देतो.