दोऱ्या कुठे मिळतात

यॉर्कटनच्या उत्तरेला रस्ते पट्टीनं आखल्यासारखे,
चाळीस किलोमीटर वळतच नाहीत.
इथं वळणाची एवढी काळजी कशाला,
असं मी ओरेस्टला गमतीनं म्हणालो होतो.
तेव्हा ऑक्टोबर होता. ट्रकला दारंही नव्हती.

एकोणपन्नासचा मर्क्युरी, अर्ध्या टनाचा.
अकरा वर्षं त्यात कोंबड्यांनी अंडी घातली.
ओरेस्टनं तो घासला, ठोकला, लांबी भरली,
पिकल्या आलुबुखारासारखा रंग चढवला,
पुढचा आस चार इंच खाली घेतला
आणि वर बसवलं हे भलंथोरलं इंजिन.
इंजिनाचं चेंबर टाय रॉडला टेकलं.
मग त्यानं डावं उजवीकडे केलं, उजवं डावीकडे.
स्टिअरिंगचे हात मागचे पुढे आले,
रॉड आसाच्या पुढे गेला,
अडचण संपली.

संपली कसली!
सरळ रस्त्यावर गुणी पोर.
पेट्रोल पंपाशी वळला
की पुढची दोन चाकं अशी किंचाळायची
जणू एकाच घरातून निघून
दोघांना दोन वेगळ्या लग्नांना जायचंय.
नव्या टायरांच्या कडा खरवडल्या.
ओरेस्ट म्हणायचा, रबर कच्चं आहे.
महिनाभर म्हणायचा.

जानेवारीत त्याची बहीण आली, लेस्या.
गवताचे गठ्ठे बांधणारी यंत्रं दुरुस्त करते. बोलते कमी.
वाकून पाहिलं, कोट काढला नाही.
म्हणाली, दोरी आहे?

एक टोक माझ्याकडे, एक ओरेस्टकडे.
"किंगपिनच्या मधोमध धर. हलू नकोस."
आणि दोन्ही दोऱ्या हातांच्या टोकावरून,
रॉडच्या सांध्यांवरून ताणत ताणत
ती चालू लागली.
मागच्या आसाच्या मध्यावर मिळायला हव्या होत्या त्या.
घोडागाड्यांच्या काळापासून हाच हिशोब.
ती मात्र पुढे चालली होती,
गॅरेजचं दार ढकलून,
उणे एकतीसमध्ये,
बर्फात.
दोन पावलं. थांबली. टाच रोवली.

"इथं मिळतात!" तिकडूनच ओरडली.
"तुझा ट्रक इथं बघून वळतो, ओरेस्ट.
मागं कोण येतंय, त्याला पत्ताच नाही."

दोरी माझ्या बोटांत गोठत चालली होती.
ओरेस्ट काही बोलला नाही.
ते वेल्डिंग त्यानं आईला दाखवलं होतं,
आईनं चष्मा लावून त्यावरून बोट फिरवलं होतं,
म्हणाली होती, शिवण छान पडलीय.

चहा झाल्यावर लेस्यानं मला समजावलं,
कारण भाऊ ऐकत होता.
रिंकवर पोरं हात धरून साखळी फिरवतात, पाहिलंयस?
आतलं पोर जवळजवळ जागच्या जागी वळतं,
टोकाचं धापा टाकत मोठा फेरा घेतं.
दोघांनी सारखंच वळायचं ठरवलं तर
कुणीतरी बर्फावर घासत जातं.
ओरेस्टच्या ट्रकमध्ये तर उलटंच.
आतलं सुस्त, बाहेरचं वळवळं.

सहा शनिवार लागले.
इंजिन उचललं, मागे सरकवलं, चेंबर कापून पुन्हा जोडलं,
हात आपल्या जागी मागे गेले.
बंपरला एक ओरखडा आला, तो माझा.
किंगपिन सहा अंश मागे रेलवला,
आरामखुर्चीत टेकल्यासारखा,
म्हणजे वळणानंतर चाक सोडलं
की ते आपणहून सरळ होतं.
जुनं वेल्डिंग ओरेस्टनंच ग्राइंडरनं उडवलं.
आम्हाला बाहेर पाठवून.

एप्रिलमध्ये रिंकच्या रिकाम्या पार्किंगमध्ये
त्यानं ट्रक गोल फिरवला. पुन्हा. पुन्हा.
खिडक्या उघड्या, कान बाहेर.
फक्त खडीचा आवाज.
लेस्यानं मजुरी म्हणून बीटाच्या लोणच्याच्या
चार बरण्या नेल्या, पाचवी मागितली.

बर्फ गेलं, टाचेची खूणही गेली.
अंगणातून गाडी काढताना ओरेस्ट अजून
त्या जागेला जरासा वळसा घालतो.
मी विचारलं नाही.