इतवारीतला दगड

शब्बरभाईंच्या पणजोबांनी एडनहून आणला,
गलबताच्या तळाला भार म्हणून.
मग इतवारीत, दुकानाच्या पायरीशी,
त्यावर वाकडे खिळे सरळ होत राहिले.

मी ओला कागद बसवतो, ब्रशने ठोकतो.
मे महिना. सात मिनिटांत खडखडीत.

पहिली ओळ उजवीकडून येते,
दुसरी तासाच्या टोकाला बैल वळावा तशी.
काना नाही, वेलांटी नाही,
दोन शब्दांत एक उभी रेघ, बस.

‘...चा मुलगा, याने वाहिलं, कारण
देवाने त्याची हाक ऐकली जेव्हा’

पुढे दगडच नाही.

“जेव्हा काय?” शब्बरभाई विचारतात.
कूलर घरघरतो. कुणी पाव किलो चुका मागतं.

कागद सोलतो.
देवाच्या नावावर तीन घाव,
अक्षरांहून खोल.

“हे मात्र आमचे,” ते म्हणतात.